ठप्

साच्याला आधी मेण.
मग जेलकोट. कायतान पागी म्हणाला, निळाच हवा,
मासळीला वाटूदे पाणीच येतंय.
जे पहिल्यांदा लावतो तेच शेवटी बाहेर दिसतं,
हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मग काचेची चटई.
कापतानाच मनगटात शिरते.
पावडर थापून येते मी, तरी रात्री
खाज माझ्याआधी अंथरुणावर पडलेली असते.

रेझिनला हार्डनर शंभराला दोन,
मे महिन्यात दीड.
वीस मिनिटं मिळतात.
तेवढ्यात रोलर फिरवत हवा हाकलायची,
काठाकडे, काठाकडे.
नुसती काच तुटते, नुसतं रेझिन तडकतं.
एकमेकांत भिजून वाळली
की लाटेखाली वाकतात, परत येतात.

पुतू मेस्त रोज चारला शेडमध्ये येतात.
बेतुलातली शेवटची शिवलेली होडी त्यांची:
फणसाच्या फळ्या, काथ्याचे टाके,
वर काजूच्या टरफलांचं तेल.
"हेंय तेंच गो," म्हणतात, "सूत आनी डीक.
तुमच्या डिकाक घाण मात चड."

मडगावचा इंजिनिअर यंत्र फिरवून गेला.
हिरवी रेघ सरळ. सही केली.
मेस्तांनी खिशातून कडा झिजलेला एस्कुदो काढला,
बापाचा,
आणि नाळेपासून ठोकत निघाले.
टक्. टक्. टक्.
गाल होडीला टेकलेला.
डावीकडे, दुसऱ्या आडव्याखाली,
ठप्.
परत ठोकलं. ठप्.
पिकलेला फणस बोलतो तसं.

मी ग्राइंडर लावला.
तिसऱ्या थराखाली रुपयाएवढा बुडबुडा.
जागा माझीच होती.
त्या दिवशी, त्या वीस मिनिटांत,
शाळेतून फोन आला होता मुलीला ताप म्हणून,
आणि मी घेतला होता.

कुणी काही विचारलं नाही.
मेस्त नाणं लुंगीला पुसत बसले.
मी कडा उतरत्या घासल्या, ठिगळ कापली,
प्रत्येक आधीच्यापेक्षा बोटभर मोठं.
फोन बाहेर, माडाखाली, चपलेत.

होडी सहा जणांनी उचलली.
लाकडाची असती तर वीस लागले असते,
मेस्त म्हणाले, आणि विसांना जेवण.
उरलेले चौदा
साळ नदीच्या काठावर उभे होते,
हात पुढे करून,
कुठे धरायचं ते विचारत.