मागावर पोपटी

ब्लाउजला आतून डाग दिसला तेव्हा
मी म्हटलं, सुताचा रंग.
वडगावात कुणाच्या कपड्याला रंग लागत नाही?
आमच्या गल्लीतलं गटारसुद्धा
सोमवारी जांभळं वाहतं, गुरुवारी राणी.

साबण लावला, दगडावर घासला, वाळत घातला.
चार दिवसांनी पुन्हा तिथंच.
डावीकडं. फक्त डावीकडं.
रुपयाएवढा, कडेला तपकिरी.

नवरा म्हणाला, उष्णता असेल, सब्जा खा.
जाऊ म्हणाली,
शेवटचं पोर अंगावरून सुटून अठरा वर्षं झाली की गे तुला!
एवढं बोलली आणि गप्प झाली.
आम्ही कांड्या भरत बसलो.

दुखत असतं तर गेले असते.
दाढेला गेले होते, रात्र काढून, सकाळच्या पहिल्या बसनं.
हे दुखतच नव्हतं.

मग एका दुपारी लाईट गेली.
चारी माग एकदम थांबले
आणि कान रिकामे झाल्यावर डोळ्यांना दिसलं:
तीन आठवडे मागावर पोपटी होतं.
निव्वळ पोपटी.
घरात लाल तार नव्हतीच.

मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी कानडीत.
बैलहोंगलच्या बसव्वानं वाचून दाखवली.
तिच्या काखेत होतं काहीतरी.
ती म्हणाली, गंटु. मी म्हटलं, गाठ.
पुढं बोलायची गरज पडली नाही.

डॉक्टरीण पोरगेली. नोवु इदेया, दुखतंय?
इल्ल, मी म्हटलं.
कातडीला कुठं खळी?
संत्र्याच्या सालीसारखी जाड?
बोंड आत वळलंय?
काय सांगणार.
अंधारात तुटलेली तार बोटांना सापडते माझ्या,
दुसऱ्याच्या साडीतला दोष हातभरावरून कळतो,
स्वतःवरून हात फिरवला होता
तो फक्त साबणाचा.

बहुतेक वेळा साधंच निघतं, ती म्हणाली,
पण साधं आहे हेही तपासूनच कळतं.
फोटो काढले. सुई घातली.
रिपोर्ट मंगळवारी.

आज रविवार.
जाऊ मोरीत गेली, कडी लावली.
बराच वेळ पाण्याचा आवाज नाही.
बाहेर आली, पदर नीट करत म्हणाली,
मला काही नाही बहुतेक.

बहुतेक?
मी मागाचं बटण बंद केलं.
मंगळवारी चल माझ्याबरोबर.