परत करायच्या वस्तू

मृणाल म्हणाली, खुनी भीतीदायक नको.
असा हवा, की बसमध्ये आपण सरकून त्याला जागा देऊ.
सोपं वाटलं.
तेवीसशे रुपये, दोनशे पानी वही,
आणि मे महिना.

महालातल्या ड्रेपरीवाल्याकडे गेले.
गॅदरिंगचे दिवस सरलेले,
सगळे देव घड्या घालून कपाटात.
पोपट होता, भाजीवाली होती, सात मावळे होते.
"खुनी?" त्यानं चष्मा वर सरकवला.
"पोलीस आहे. पण सहावीतल्या पोराच्या मापाचा."
मग जरा विचार करून,
"राक्षस चालन का? मिशा फुकट देतो."

पटकथेत रेनकोट होता,
काळा, घोट्यापर्यंत, पाणी निथळणारा.
बाहेर शेहेचाळीस.
बिपिन धकातेनं तो गच्चीवर चढवला
आणि चार मिनिटांत म्हणाला,
"मीच मरून राहिलो बे इथं,
खून कोणाचा करू?"
रेनकोट खोडला. वर लिहिलं:
फिका निळा हाफ शर्ट, खिशाला पेन.

शर्ट तीन लागतात, एकसारखे.
एक खुनाआधीचा, एक नंतरचा,
एक बिपिन चुकला तर.
बर्डीच्या फुटपाथवर दोन मिळाले, जुळे.
तिसऱ्याचा खिसा दोन बोटं खाली.
रात्री मी तो उसवला, वर टाचला.
जुन्या शिलाईची भोकं तेवढी राहिली कापडात, एका ओळीत.
कॅमेऱ्याला दिसत नाहीत, म्हणाले सगळे.
मला अजून दिसतात.

रक्त म्हणजे साखरेचा पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको.
आईनं झाकण काढून विचारलं, कोण येणार आहे?
सकाळी पातेल्याभोवती मुंग्या,
शांतपणे पुरावा नष्ट करत होत्या.
सुरा रबरी. गाडीच्या डिकीत तापून वाकला,
देवापुढे उभा असल्यासारखा.

राहिला पाण्याचा ग्लास.
पटकथेत एवढंच: तो पाणी देतो. ती पिते.
इतवारीत, भांडे ओळीत, मोडीच्या ढिगात
कोपरापर्यंत हात घालून शोधत होते.
जाड स्टीलचा निघाला, कडेला पोचा.
फिरवला, तर टिंबाटिंबांनी कोरलेलं:
कै. गोदावरी शां. उमाठे यांचे स्मरणार्थ, ९-२-८४.

दुकानदारानं तो काट्यावर ठेवला.
"नाव घासून देऊ?"
मृणालनं काट्यावरूनच उचलला.
अंगठा त्या टिंबांवरून नेला, परत आणला.
मागे हातगाडीवाला ओरडत होता, सरका, सरका,
आम्ही दोघी काही सरकलो नाही.
मग म्हणाली, सुरा नको. रक्तही नको.
ती पाणी पिते तिथंच थांबू,
नाव वाचता येईल इतक्या जवळ.

शूटिंग दीड दिवसात आटोपलं.
मिशा परत केल्या, घेतल्या होत्याच शेवटी.
तिसरा शर्ट बिपिन कॉलेजला घालतो.
पाक मोरीत ओतला.

वहीत शेवटचा रकाना असतो: कोणाला परत.
ग्लासासमोर मी उमाठे लिहिलं,
पुढे पत्ता सुचेना.

आता तो आमच्याकडे माठाजवळ असतो, पालथा.
या दिवसांत दारात आलेला प्रत्येक माणूस
आधी पाणी मागतो.
मी दुसऱ्या ग्लासातून देते.