इतिवृत्त, पान चार

मढच्या शाळेत, पाचवी 'ब'च्या वर्गात
जनसुनावणीचं टेबल मीच लावलं.
फळ्यावर अपूर्णांक होते, कुणी पुसले नव्हते.
माझ्या तक्त्याला रकाने दोनच : बाजूने, विरुद्ध.
साहेब म्हणाले, करंबेळकर, नेटकं लिहा,
वर दिल्लीला जायचंय.

पडद्यावर समुद्र आला. निळा, चौकोनी,
एकेका चौकोनाला आकडा.
कंपनीचा मुलगा गोड बोलत होता,
लाल ठिपका अकरा नंबरवर फिरवत :
संरक्षित पट्टा इथे संपतो,
आणि आपण रेषेच्या बाहेर, अडीच किलोमीटर.
मागून कुणीतरी ओरडलं,
माशाला दाखवलीस का रं ती रेघ?
मी कंसात लिहिलं : हशा.

मग पास्कल ग्रासियस उठला, ऐंशीचा असेल.
पडद्याला इतका चिकटून उभा राहिला
की प्रोजेक्टरचं सगळं पाणी त्याच्या शर्टावर.
काठी टेकवत गेला :
ही म्हातारीची खाच, सतरा वाव.
हा दामूचा खडक. दामू हितंच ऱ्हायला.
हा चिखल, घोळ गाभोळी घेऊन येते हितं.
आनि ही जागा...
काठी बराच वेळ अकरा नंबरवर थांबली.
हिला नाव नाय. बापानं ठेवलं नाय, मी पन नाय.
काई जागा तशाच ठेवायच्या असतात.
साहेबांनी घड्याळ पाहिलं.
मी लिहिलं : श्री. ग्रासियस यांनी स्थानिक माहिती दिली.

तिसऱ्या बाकावरून रोहिदास टपके.
रिगवर वेल्डर, चौदा दिवस पाण्यावर, चौदा घरी.
म्हणाला, बोंबलून काय होणार,
आपल्या होड्या काय वल्ह्यानं चालतात?
डिझेलच्या अनुदानासाठी मोर्चा कुणी काढला होता?
माझी आई जाळी विणून आंधळी होत आली होती,
तिचे डोळे मी त्या लोखंडावर उभा राहून परत आणले.
गलका झाला. एक चप्पल हवेत दिसली.
पण खोटं काही बोलला नव्हता,
म्हणून गलका जास्त झाला.

चांगुणाबाई उठली तेव्हा पंखा ऐकू यायला लागला.
पोरगा बोलतो तां खरा हाय, म्हणाली,
त्याच्याच पैशाचा डोला हाय ह्यो.
त्याच डोल्यानं बघते ना मी :
आषाढात वाळूवर डांबराच्या गोळ्या येतात, लिंबाएवढ्या,
बोंबील वाळवायच्या काठ्यांना लागतात, पायाला लागतात,
पान्यानं सुटत नाय, साबनानं नाय,
घासलेट लावून घासायचा.
पायाचा तेल काढायला पन तेलच लागतो रं बाबा.

मग माझ्याकडे वळली. साहेबांकडे नाही, माझ्याकडे.
तू लिवतोस ना?
माजा नाव खंय लिवशील?

बावीस वर्षांत टेबलाच्या या बाजूला
कुणी प्रश्न विचारला नव्हता.
नाव तर लिहायलाच हवं होतं.
मी लिहिलं, दोन रकान्यांच्या मधल्या उभ्या रेघेवर.
रेघ बरोबर 'गु'मधून गेली.

संध्याकाळी साहेबांनी बोट ठेवलं :
हे कुठल्या बाजूचं?
सरकलं असेल, साहेब, म्हणालो.
दुरुस्त करा.
हो, म्हणालो.

वेसाव्याला परतायची शेवटची फेरी.
फायली प्लॅस्टिकमध्ये, मांडीवर.
फेरीवाल्याच्या पोरानं इंजिनात डिझेल ओतलं, थोडं सांडलं,
पाण्यावर रंगीत पापुद्रा पसरत गेला
आणि मला तो, खरं सांगायचं तर, सुंदर वाटला.
तिकडे, जिथे दिवसा काहीच नसतं,
एक दिवा होता. रोहिदासचा असेल,
किंवा रात्री जाळं टाकून बसलेल्या कुणाचा.
इतक्या लांबून फरक कळत नाही.

पलीकडे धक्क्यावर माझी स्कूटर,
काटा रिझर्व्हवर.
खोडरबर दप्तरात होतं.