झिलई

डिचोलीची माती तांबडी,
म्हणून मी काळा शोधत बसले.
चार ताटल्या फुटल्या, पाचवी उगाच निळसर आली.

उर्वी विचारते, "आई, लाव्हा कुठाय?"
लाव्हा आपण पाहिलाच नव्हता, बाय.
बातूरच्या माथ्यावर नुसतं धुकं.
बाबा अकरा महिन्यांनी बोटीवरून उतरलेले,
आणि वाटाड्यानं खडकाच्या फटीत, वाफेवर
अंडी उकडून दिली.
सोलताना बाबांचं बोट भाजलं;
तू फुंकर घालत राहिलीस
दुखायचं थांबल्यावरही.

टरफलं तू खिशात भरून आणलेलीस.
ती काल कुटून मी झिलईत घातली.

आज भट्टी उघडली.
काळ्यावर एक पांढुरका डाग,
फुंकरीएवढा.
बाबा पुन्हा बोटीवर.
ताटली अजून गरम आहे,
थांब, हात लावू नकोस.