किंकाळी, एकच टेक

प्रल्हाद गांगुर्डे दिवसा प्रेसमध्ये नोटा तपासायचा,
करकरीत ताव, शाई कुठे फुटली, नंबर कुठे हुकला.
रविवारी मुडदे उठवायचा.

रामशेजच्या पायथ्याशी, भाड्याच्या कॅमेऱ्यापुढे,
सात वर्षांत नऊ सिनेमे.
‘मडक्यातली बाई’. ‘नागव्या डोंगराची सून’.
बाकीची नावं मी देवासमोर घेत नाही.

रक्त काळ्या द्राक्षांचं. ओझरहून पाटीभर यायची,
न खपलेली, दबलेली.
मेलेल्या नायिकेच्या मानेला मुंग्या लागायच्या
आणि तो ओरडायचा,
हलू नकोस गं, मुंग्या फुकट मिळाल्यात!

सेन्सॉरने कापलेलं तो डब्यात जपून ठेवायचा.
वणीच्या जत्रेत, येवल्याला, मनमाडला
रात्री बाराच्या खेळाला तेच जोडून दाखवायचा.
पोलीस आले की ऑपरेटर देवीच्या आरतीचं रीळ लावायचा.
तंबूतले सगळे उभे राहायचे, चपला काढून.

मी पडद्यावर कधीच नव्हते.
मी किंकाळी होते.
नऊ सिनेमांत सव्वीस बाया मेल्या,
सगळ्या माझ्या गळ्यातून.
पस्तीस रुपये. एकदाच.

परवा पुण्याची पोरं आली, दाढीवाली, नम्र.
निफाडला बेदाण्याच्या शेडमध्ये एक प्रिंट सापडली म्हणे.
बाकीचे डबे त्याच्या बायकोने भंगारात दिले होते,
फिल्म धुतली की चांदी निघते,
तिच्यात पोरीची जोडवी झाली.
‘कल्ट’ म्हणाली पोरं. मला ऐकू आलं ‘कुलटा’.
म्हटलं, म्हणायचे लोक, पण मला.

लॅपटॉपवर ऐकवली त्यांनी.
चहाची गाळणी माझ्या हातातच राहिली.
आजी, असं ओरडायला कुठे शिकलात?

क्वार्टरचं न्हाणीघर. भिंतींना गोधड्या टांगलेल्या,
टेपरेकॉर्डर पालथ्या बादलीवर.
चार वेळा ओरडले, चारही खोट्या.
तो म्हणाला, चौकटीला हात धरून उभी राहा,
जोर येईल.
मग त्याने दार लावलं.

दवाखान्यात त्यानेच नेलं, सायकलवर डबलसीट.
मिळाली, म्हणत होता रस्ताभर, मिळाली.
डॉक्टरलाही तेच सांगितलं.
माफी नाही. पण दर दिवाळीला
चिवड्याचा पुडा घेऊन यायचा, शेवटपर्यंत,
आणि माझ्या हातून कप घेताना
कॅलेंडरकडे बघायचा.

बिटकोत होता तेव्हा गेले होते भेटायला.
घसा गेलेला त्याचा. खुणेने म्हणाला,
ओरड.
नाही ओरडले.
मोसंबी सोलून दिली, बिया काढून.

पोरं अजून बोलतच होती.
महोत्सव आहे, मोठा पडदा, तुम्ही फक्त यायचं,
स्टेजवर एकदा, तशीच.
वाकडी करंगळी पदरात गुंडाळत
मी विचारलं, किती देणार?

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.