दिसला न्हाई

नान्नजला उतरलो तेव्हा उजाडत होतं.
बार्शीची एसटी धूळ उडवून गेली
आणि मागे इतकी शांतता उरली
की माझ्या कानातला माग मलाच ऐकू येऊ लागला.
तीस वर्षं कारखान्यात काढली की असंच होतं.

सोबत भाची, रजिता, वय नऊ.
गळ्यात गल्लीतल्या फोटोवाल्याची दुर्बीण,
डावी काच धुरकट.
पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, पाण्याच्या दोन बाटल्या.

तिला सांगून ठेवलं होतं:
तुझ्या खांद्याएवढा पक्षी. मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी,
चालतो असा, की मानपानात काहीतरी राहून गेलेला व्याही.
मामा, तू बघितलायस?
नाही. मी काढलाय.
एका व्यापाऱ्याला चादरीच्या काठावर हवा होता माळढोक.
ग्राफच्या कागदावर चौकोन भरत भरत
अकरा रात्रींत उभा केला.
चादरी खपल्या नाहीत.
गिऱ्हाईक म्हणे, हा कसला मोर?

फाटकाशी बिरा कोळेकर, वनखात्याचा रखवालदार.
आधी मेंढरं राखायचा; आता खाकी शर्ट आलाय, काठी तीच आहे.
"पाय बघून टाका. गवतात अंडं आसतंय."
आहे का?
"न्हाई. पन सवय मोडू द्यायची न्हाई."

शहरात आम्ही याला पडीक म्हणतो.
सातबाऱ्यावरही तसंच काहीतरी असणार.
इथे वाकून पाहिलं तर पडीक काहीच नव्हतं,
कुसळीच्या प्रत्येक काडीला दव होतं,
लांडग्याच्या विष्ठेत काळविटाचे केस होते,
पायाखालून पखुर्ड्या अशा उडाल्या
की रजिताने माझा हात धरला, मग सोडला, मग हसली.
दूर एक काळवीट पळाला.
पळाला म्हणजे काय, तो जागीच होता,
माळच त्याच्याखालून सरकला.

मनोऱ्यावर चढलो.
उजव्या काचेतून: गवत, गवत, भोवत्या ससाणा,
द्राक्षाच्या बागांवर निळं कापड,
विजेचे खांब, आणि खांबांमधल्या तारा.
"त्येला तारा दिसत न्हाईत," बिरा म्हणाला.
"डोळं बाजूला. उडताना म्होरचं कळत न्हाई.
जड जीव हाय, ऐनवेळी वळता येत न्हाई."
यावर कोणी काही बोललं नाही.
भाकरी मोडताना कड्कन आवाज झाला,
एवढ्या मोठ्या माळावर तोही जास्त वाटला.

दहा वाजता त्याने नोंदवही काढली.
काळवीट सव्वीस. खोकड एक. पखुर्डी, मोजता आली नाही.
माळढोकचा रकाना. रोज तेच तीन शब्द, पानांमागून पानं:
दिसला न्हाई. दिसला न्हाई.
"साहेब म्हनत्यात शून्य लिव.
शून्य लिवलं की मिटलं.
दिसला न्हाई म्हंजे
माजी नजर बी कमी पडली आसंल की."

परतीच्या गाडीत रजिता मोज्यांतली कुसळं उपटत बसली,
एकेक खिडकीतून बाहेर टाकत,
कारंबा गेलं तरी संपेनात.
मग वहीत पक्षी काढला.
पाय बिराचे, काठीसकट.
डोक्यावरची टोपीही त्याचीच.
दुरुस्त करायला पेन्सिल मागितली, तिने दिली नाही.

मला आठवली ती कार्डं.
नकाशा पुठ्ठ्यावर उतरतो तो भोकांनी.
जिथे भोक, तिथेच आकडा ताणा उचलतो,
जिथे पुठ्ठा शाबूत, तिथे कापड नुसतं कापड.
हे मी कित्येक पोरांना शिकवलंय,
शिकवताना मात्र त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

पोटमाळ्यावर असतील, दोरीत ओवलेली,
चारशे-साडेचारशे कार्डं, माळढोकाची.
उद्या काढून बघतो.
उंदरांनी ठेवली असतील तर.