पत्तेदार

खडे बाजारात वडिलांचं टेलरिंगचं दुकान,
आमच्याकडे मराठी पेपर यायचा,
समोर हत्तरगींच्या किराणात कानडी.
दोन्हींत आतल्या पानावर तोच माणूस,
तीन चौकटींत,
कॉलर उभी, हनुवटी विटेसारखी.

आमच्यात तो डिटेक्टिव्ह सबनीस,
त्यांच्यात पत्तेदार श्रीकंठ.
मला वाटायचं, हा पत्ते कुटत बसतो.
गिरिजा हत्तरगी पोट धरून हसली:
"न्हाई गं, पत्ता लावतो म्हणून पत्तेदार."

कानडी पेपर एक भाग पुढे असायचा.
का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
म्हणजे खुनी तिला सोमवारी भेटायचा,
मला मंगळवारी,
आणि ती सांगायची नाही.
आधी लिमलेटची गोळी घ्यायची,
ती गालात सरकवून म्हणायची, ओदू. तूच वाच.

तर वाचलं.
ती गोल गोल अक्षरं मी फुग्यांतून शिकले.
यारू, कोण.
निल्लू, थांब.
कोले, खून.
'जेवलीस का' पुष्कळ नंतर आलं.

वडील गोष्ट वाचत नसत, कोट वाचत.
एकदा हत्तरगींचा पेपर खिडकीशी धरून म्हणाले,
"ठोकळा उलटा लागलाय बघ.
बटणं बायकांच्या बाजूला आल्यात साहेबाची."
आणि ती कॉलर इतकी वर्षं पडत कशी नाही?
"आत कॅनव्हास चांगला घातलाय," एवढंच.

मग दोन दिवसांचा बंद.
पाट्यांवर डांबर, एसटी डेपोत,
पेपरांचे गठ्ठे कुठेतरी वाटेत.
एक भाग मागे, एक पुढे, तरी बरोब्बर एक भाग
दोन्हींकडून निसटला.
आदल्या भागात त्याचा हात गोदामाच्या कडीवर,
पुढच्यात तो चहा पितोय
आणि बेड्या भलत्याच माणसाला.
मधे काय झालं?
मी म्हणायचे, आत आरसा होता.
ती म्हणायची, आत कुणी नव्हतंच.
यावरून आम्ही आठवडाभर बोललो नाही.

आता दुकानात मोबाईलची कव्हरं विकतात.
माझे गुडघे जिना मोजतात.
त्याची कॉलर उभीच आहे.
मी जगात पुष्कळ उलगडे पाहिले,
बहुतेकांत शेवटी कुणी बेड्या घातल्या नाहीत,
चहासुद्धा कुणी विचारला नाही.
म्हणून असेल,
दुपारी पेपर हातात आला
की अजून आधी आतलं पान उघडते,
तिथे आता राशिभविष्य असतं.

काल गिरिजाचा फोटो आला, हुबळीहून.
चिकोडीच्या एका रद्दीवाल्याकडे सापडलं म्हणे,
पिवळं, कडेला हळदीचा डाग.
तोच भाग.
पहिली चौकट: कडी.
दुसरी: दार अर्धं, आत अंधार, त्याची पाठ.
दोन बोटांनी मोठं करून मी आधी
बाहीवरची बटणं मोजली. चार.
वडिलांना सांगायला हवं होतं.

तिसरी चौकट तिनं कापून ठेवलीय.
खाली कानडीत एकच ओळ,
अडखळत, पण मी वाचली:

आधी लिमलेट.